गंगापूजेची घागर

कॉटनपेट, बंगळूर
२४ एप्रिल १९६०

नयना,

आशीर्वाद नेहमीचाच आहे, तो धरून चाल. पत्र मी लिहितेय, दामोदर नाही. त्याला कारखान्यात जादा पाळी आहे, आणि तसंही स्वतःच्या बायकोला काय लिहावं ते त्याला सुचत नाही. माझं मराठी बंगळूरचं, तीनशे वर्षं कानड्यांत मुरलेलं. तुम्हा साताऱ्याच्या लोकांना हसू येईल, तर येऊ दे.

तुझ्या आप्पाजींनी स्टेशनवर चार माणसांदेखत मला ऐकवलं, "आमची मुलगी चालत आली होती, तुम्ही आडवी पाठवताय." व्याही म्हणून मान ठेवला आणि गप्प बसले. पण म्हणून मला बोलायचं नव्हतं असं नाही. हे पत्र त्यांनाही वाचून दाखव.

पहिल्यापासून सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तुला आई नाही, तिथं करणार कोण? मी म्हटलं, मी करते. सुनेचं पहिलटकरणीचं सासूनं केलं म्हणून आमच्या गल्लीतल्या बायकांनी नावं ठेवली, ती ऐकून घेतली. चाळीस दिवस तुला आतल्या खोलीत ठेवलं, उन्हाची तिरीप आणि वाऱ्याची झुळूक लागू दिली नाही. तूप घालून मिऱ्याचा भात आणि भाजलेला लसूण दिला. दूध, दही, केळं थंड म्हणून बंद. पाणीसुद्धा बेतानं. ठकुबाईला रोज सकाळी मालिशीला बोलावलं. त्या बाईच्या हातानं निम्म्या कॉटनपेटच्या बाळंतिणी उठून कामाला लागल्यात.

तिसऱ्या आठवड्यापासून तुझं पाठ दुखते, पाठ दुखते सुरू झालं. बाळंतिणीची पाठ दुखायचीच. ठकुबाई म्हणाली, "अक्का, हाडांत वारं शिरलंय, स्वल्प टाच देते." ती पाठीवर टाच द्यायची तेव्हा तू उशी दातांत धरायचीस. ते मी बघितलं नाही असं समजू नकोस. पण आम्हीही त्यातूनच गेलो, आणि आम्ही तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

घागरीचं म्हणशील तर ती आमची पद्धत आहे. चाळीस दिवस भरले की बाळंतिणीनं परसातल्या विहिरीची पूजा करायची, आपल्या हातानं पाणी ओढायचं आणि भरली घागर कमरेवर घेऊन चुलीपाशी आणून ठेवायची. गंगा घरात आली की बाई मोकळी झाली. घागर तुझ्या हातून पडली. ती कशी पडली ते इथं उगाळायला नको.

पुढचं सगळं डॉक्टरांनी सांगितलं, मी नाही. एवढ्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढला. मणके खचलेत, कण्याचा क्षय आहे, प्लास्टर घालून झोपवा, सुया द्या, मूल अंगावर पाजू नका, जवळ ठेवू नका. हे त्यांचे शब्द. माझे शब्द एवढेच की घरात तीन महिन्यांचं लेकरू असताना क्षयाचं माणूस मी ठेवून घेणार नाही. माझ्या जिभेला हाड नाही, हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

पुट्टी बाटलीनं पिते. अलका हे तू ठेवलेलं नाव चांगलंच आहे, पण आमच्याकडं लहान पोरीला पुट्टीच म्हणतात आणि तेच तोंडात बसलंय.

तुझे कपडे उकळून ट्रंकेत भरलेत. सगळ्या साड्यांचे काठ खाली घासून फाटलेत. शेवटच्या दोन महिन्यांत तू साडी जमिनीवर लोळवत फिरायचीस आणि मी बोलले की तोंड फिरवायचीस. आता पडल्या पडल्या विचार कर, साडी नीट नेसायला काय लागतं.

दामोदरची आई


१७ जुलै १९६०

नयना,

तुझी तीन पत्रं आली. तिन्हींत तेच. पुट्टी कशी आहे, रडते का, दात आले का. घरात तान्हं मूल असताना लिहायला वेळ मिळतो का कुणाला?

दोन दात आले, खालचे. दात येताना रडली नाही. तू गेलीस ते पहिले आठ दिवस मात्र रडली. बाटली ढकलायची आणि कुणाही बाईच्या पदरात तोंड खुपसायची. शेजारच्या भागुबाईच्या सुद्धा, जिला सत्तर उलटलीत. हे तुला कळवणार नव्हते.

तुझी हिरवी साडी उकळायची राहून गेली होती, दोरीवर मागं अडकली होती. तिच्यात पोरीला गुंडाळलं तर अर्ध्या घटकेत झोपली. मग मला भीती वाटली आणि दुसऱ्या दिवशी ती साडीही उकळून काढली. त्यानंतर तिच्यातही झोपेना.

तू लिहितेस की दुखणं निम्म्यावर आलंय. सुयांना गुण आहे म्हणायचं. पडून राहा, पाठ हलवू नकोस.

दामोदरला पत्रं दाखवता का म्हणून विचारलंस. दाखवते.

दामोदरची आई


४ ऑक्टोबर १९६०

नयना,

दसरा झाला. कारखान्यात यंत्रांची पूजा होती, दामोदर पुट्टीला खांद्यावर घेऊन गेला होता. निळं झबलं मी शिवलं. सुईत दोरा ओवायला आता भागुबाईच्या नातीला हाक मारावी लागते, पण शिवते अजून मीच.

कामाचं लिहिते. तुझे आप्पाजी दामोदरला लिहितात की तू आता उशीला टेकून बसतेस, फाल्गुनापर्यंत हिंडू लागशील. चांगलंच आहे. पण क्षय उलटतो, हे साऱ्या जगाला माहीत आहे. उद्या तू उठून येणार, पोरीला मागणार, घेऊन जाणार, आणि वर्षानं पुन्हा अंथरूण धरलंस तर? तिनं काय काय सोसायचं? पोरगी मला अव्वा म्हणते. कानडीत अव्वा आईलाही म्हणतात. मी तिला सुधारत नाही, खोटं कशाला सांगू.

तर दोन ओळी लिहून दे. अलका बंगळूरला आजीपाशीच राहील आणि मी तिला मागणार नाही, एवढंच. खाली सही. कोर्टात न्यायला नको मला, माझ्या जिवाला स्वस्थता पाहिजे. दामोदरला हे ठाऊक नाही आणि तूही कळवू नकोस. तुला पोरीचं भलं हवं असेल तर देशील.

दामोदरची आई


१६ जानेवारी १९६१

नयना,

कागद पोचला. तू वाद घालशील, आप्पाजींना मध्ये आणशील, असं मला वाटलं होतं. तीन महिने उत्तर नव्हतं, तेव्हा मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. "माझं दुखणं तिला लागू नये, म्हणून लिहून देते," एवढंच लिहिलंस आणि सही. अक्षर वाकडं आलंय. झोपून लिहिलंस का?

कागद देव्हाऱ्यात ठेवलाय. स्वस्थता वाटेल असं वाटलं होतं. वाटेल हळूहळू.

पुट्टीचा वाढदिवस झाला. भिंत धरून उभी राहते. भिंत सोडली की धप्पकन बसते आणि आपणच टाळ्या वाजवते. संक्रांतीचा तिळगूळ पाठवलाय. पार्सल उघडायला कुणाला तरी सांग, तू ओढाताण करू नकोस.

सकवारबाई


९ फेब्रुवारी १९६१

नयना,

हे पत्र नीट वाच. दोनदा वाच. मी आत्ताच दवाखान्यातून आलेय, अजून लुगडं बदललेलं नाही.

तुला क्षय नाही. कधीच नव्हता.

कसं कळलं ते सांगते. पुट्टीला पंधरा दिवस खोकला होता. वाटलं, लागला हिला आईचा रोग. दामोदरच्या कारखान्याचा दवाखाना आहे, तिथं नवीन डॉक्टर आलेत, मंगळूरकडचे, दामोदरच्याच वयाचे. त्यांनी तिच्या हातावर सुई टोचली आणि तिसऱ्या दिवशी बघायला बोलावलं. क्षय असला तर तिथं सूज येते म्हणे, पण काही उठलं नाही. म्हणाले, हिला काही नाही, साधा खोकला आहे, घरात क्षय कुणाला? मी सांगितलं, आईला, कण्याचा. त्यांनी विचारलं, ताप यायचा? नाही. वजन उतरलं होतं? नाही. घरात, माहेरी कुणाला? कुणालाच नाही. मग ते म्हणाले, फोटो आहे का? तो एक्स-रे कपाटावर धूळ खात होता. दामोदरनं आज तो नेला आणि मीही गेले.

डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "अम्मा, इदु क्षय अल्ल." हा क्षय नव्हे. मला आधी वाटलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोबद्दल बोलतायत.

त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं. क्षय असला की दोन मणक्यांमधली गादी तो आधी खातो. तुझ्या गाद्या जशाच्या तशा आहेत. मणकेच चेपलेत, तीन, पुढच्या बाजूनं बसलेत. हाडं आतून विरळ झाली होती म्हणून मोडली. मूल पोटात असताना आणि अंगावर पिताना आईच्या हाडांतला चुना जातो. सगळ्याच बायकांचा थोडाथोडा जातो आणि पुढं भरून येतो. लाखांत एखादीचा इतका जातो की कण्याला आपलाच भार पेलत नाही. विलायतेच्या डॉक्टरांनी चार-पाच वर्षांपूर्वी अशा बायकांवर लिहिलंय, ते ह्यांनी वाचलं होतं. का होतं, ते अजून कुणालाच नीट सांगता येत नाही म्हणाले.

तू बरी झालीस ती सुयांनी नाही, पाजणं थांबलं म्हणून. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी बाकावर बसले.

त्यांनी विचारलं, खायला काय देत होता? मी एकेक सांगत गेले. दूध बंद, दही बंद, ऊन बंद. सांगताना पहिल्यांदा माझा आवाज मोठा होता. मग बघितलं तर ते लिहायचे थांबले होते. "एवढ्यानंच झालं असं नाही अम्मा," असं म्हणाले ते, "दूध पिणाऱ्या बायकांनाही होतं." भला माणूस आहे. माझ्याकडं न बघता म्हणाले. ठकुबाईच्या टाचेचं मी सांगितलंच नाही.

मग म्हणाले, तिची उंची कमी झाली होती का? मी म्हटलं, बाविशीतल्या बाईची उंची कशी कमी होईल? आणि तेवढ्यात मला तुझ्या साड्या आठवल्या.

साडी तशीच नेसत होतीस तू, जशी आधी नेसायचीस. तूच खाली आली होतीस. दोन इंच तरी असेल, डॉक्टर म्हणाले. रोज तुला मी बोलत होते, रोज.

आणखी एक विचारलं. ह्या बाईनं घरी काही जड उचललं होतं का? दामोदर माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, नाही.

आता पुढं लिहवत नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांकडून नवीन एक्स-रे काढून घे आणि ताबडतोब इकडं पाठव. ह्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे, त्यांना दाखव. दूध पी. उन्हात बस. कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांग.

सकवारबाई


१५ फेब्रुवारी १९६१

नयना,

सहा दिवस झाले. त्या पत्राला उत्तर यायच्या आत हे दुसरं लिहितेय, कारण उत्तर आल्यावर मला हे लिहिता येईल की नाही ठाऊक नाही.

काल डॉक्टरांनी मला परत बोलावलं होतं. पुट्टीसाठी नाही, माझ्यासाठी. त्या दिवशी मांडीवर हात टेकून बाकावरून उठताना त्यांनी मला बघितलं होतं. विचारलं, पाठीत वाकलात कधीपासून? मी म्हटलं, वय झालं. किती? म्हटलं, एकावन्न. ते म्हणाले, एकावन्न काही वाकायचं वय नाही. आणि माझाही फोटो काढला.

दोन मणके. माझेही दोन मणके चेपलेले आहेत, नयना. जुने, आपोआप जुळलेले, वाकडेच जुळलेले. त्यांनी विचारलं, कधी पडला होता? मी म्हटलं, जन्मात पडले नाही. ते म्हणाले, मग आठवा, केव्हा तरी खूप दुखलं असेल.

मला आठवायची गरज नव्हती. दामोदरच्या वेळी, एकोणीसशे बत्तीस साली, ह्याच विहिरीवर, गंगापूजेच्या दिवशी. घागर कमरेवर घेतली आणि पाठीत कट्ट झालं. बाहेर ऐकू येईल असं वाटलं होतं, इतकं मोठं. डोळ्यांपुढं पिवळं झालं. सासूबाई समोर उभ्या होत्या. मी दात दाबले आणि घागर चुलीपाशी नेऊन ठेवली. एक थेंब सांडला नाही. सहा महिने कुशीवर वळता येत नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढं तुझ्या सासऱ्यांनी चारचौघांत सांगायला सुरुवात केली, आमच्या सकवारनं भरली घागर आणली, थेंब सांडला नाही. तेवढं एकच कौतुक व्यंकोजीरावांनी आयुष्यात केलं. आणि मी ते तीस वर्षं मिरवलं. फडताळाची वरची फळी हाताला लागेना तेव्हा सुताराला बोलावून फळी खाली घेतली, पण आपण खाली आलोय हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तुझ्या पूजेच्या दिवशी सकाळी तुझ्या केसांना तेल लावताना हीच गोष्ट मी तुला सांगितली होती. तू म्हणालीस, "आत्याबाई, आज नको, मला खाली वाकवत नाही." मी म्हटलं, आज नाही तर कधी, बायका जमल्यात.

आता ते लिहिते जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही. घागर तू नाही उचललीस. तू काठावर ठेवून उभी होतीस. मी ती उचलून तुझ्या कमरेवर दिली. माझ्या हातांनी. तू ओरडलीस आणि घागर फरशीवर गेली. आणि मी सगळ्या बायकांच्या समोर तुझ्या तोंडात मारली.

घागर पडली, अपशकुन झाला, म्हणून मारलं असं सगळ्यांना वाटलं. तुलाही तसंच वाटलं असेल. ते खरं नाही. तू ओरडलीस तेव्हा तुझ्या पाठीत काय झालं ते मला कळलं होतं. तिथल्या आठ बायकांत फक्त मलाच कळलं होतं. आणि मला राग आला, की हिला ओरडता येतं. मी नव्हते ओरडले. एवढ्यासाठी मी तुला मारलं. माझं चुकलं, नयना. हे मी दुसऱ्या कुणाला आजवर कधी म्हटलेलं नाही.

दामोदरला मी काय सांगितलं होतं, तेही ऐक. त्या दिवशी तो पाळीवर होता. संध्याकाळी आल्यावर मी म्हटलं, तुझ्या बायकोनं रागानं घागर आपटली. तू त्याला तुझं सांगितलंस, त्यानं माझं धरलं. तुझ्या तिन्हींतलं पहिलंच पत्र मी त्याला दाखवलं, तेही शेवटचं पान काढून घेऊन. "बघितलंस, ती पोरीचंच विचारते, तुझं नाही," असंही म्हटलं. तो लिहीत नाही म्हणून तू त्याला दोष देत असशील. अर्धा त्याचा आहे, अर्धा माझा.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर त्याला सगळं सांगितलं. पत्रंही दिली. तो परसात गेला आणि विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. सकाळी कारखान्याच्या बसला जाताना दारात म्हणाला, "आई, ती मला म्हणाली होती. मीच ऐकलं नाही." आज त्याचं वेगळं पत्र येतंय. तो काय लिहितोय ते मी वाचलेलं नाही.

ठकुबाईला घरी बोलावून सांगितलं, बाळंतिणीच्या पाठीला टाच लावायची नाही. ती हसली. म्हणाली, अक्का, तुम्हालाच तर माझ्या सासूनं टाच देऊन उभं केलं. मी तिला एक्स-रे दाखवला. तिला काही कळलं नाही त्यातलं, पण ती हसायची थांबली. शेजारच्या भागुबाईची नातसून सातव्या महिन्यात आहे. मी जाऊन सांगून आले, घागर नाही. म्हणाली, मग गंगा घरात कशी यायची? मी म्हटलं, तांब्यात येईल, आणि तो मी आणीन.

तू मला काही उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फक्त नवीन फोटो पाठव.

सकवारबाई


१२ मार्च १९६१

नयना,

तुझं पत्र आणि साताऱ्याचा एक्स-रे, दोन्ही परवा पोचले. डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी शेजारी धरले. तीनच मणके, नवीन मोडलेला नाही, आणि हाड पहिल्यापेक्षा दाट दिसतंय. सरी, असं म्हणाले. कानडीत सरी म्हणजे ठीक. गेलेली उंची परत येणार नाही, तेही सांगितलं. तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून लिहिते. दुसऱ्या मुलाचा विचार करायचा झाला तर डॉक्टरांना विचारून, आणि नाही केलात तर मी एका शब्दानं टोकायचं नाही. मी विचारणारही नाही. मला आहे ती पुरे.

तुझ्या पत्रात माझ्यासाठी एकच ओळ होती. "माफ करता येईल की नाही, अजून कळत नाही." बरोबर आहे. मला तरी कुठं कळतंय. सासूबाईंना मी केलं का, ह्याचाच विचार चाललाय.

बाकी सगळं पत्र पुट्टीचं होतं. ती मला ओळखेल का, असं विचारलंस. खोटं सांगत नाही, ओळखणार नाही. वर्ष झालं. पण मी रोज संध्याकाळी काय करते ते सांगते. तुझी हिरवी साडी मांडीवर घेऊन मी माजघरात खुर्चीवर बसते आणि दामोदर तिला उंबऱ्याशी उभी करून हात सोडतो. ती साडीचा रंग बघून येते. आधी दोन पावलांत बसायची. मग पाच झाली, मग सात. साडीशी पोचली की मी म्हणते, आई. आता तीही म्हणते. मला अव्वा म्हणते आणि साडीला आई. हे शिकवायला मला जड गेलं, ते लिहून ठेवते.

हे का चालवलंय ते तुला कळलं असेल. डॉक्टरांनी बजावलंय की तू वर्षभर तिला उचलायचं नाही. पोरगी बारा सेर भरते, भरल्या घागरीएवढी. तू बघशील, हात पुढं करशील आणि वाकशील, मला माहीत आहे, कुणीही आई तेच करेल. म्हणून हे. तिनंच तुझ्यापर्यंत यायचं, तू जागेवरून हलायचं नाही.

आम्ही गुरुवारच्या मेलनं निघतो, दामोदर, पुट्टी आणि मी. सातारा रोडला उतरू, तिथून टांगा करू, आप्पाजींना स्टेशनवर यायला लावू नकोस. मी दारातूनच परत फिरले तर रागावू नकोस, आप्पाजींनी आत बोलावलं तर येईन. दामोदरनं महिन्याची रजा काढलीय. पुढं तो आणि तू जे ठरवाल ते. पोरगी तुझ्यापाशी राहील.

तुझा तो कागद ह्या पाकिटात परत पाठवतेय. मी फाडणार होते, पण तो तुझा आहे, तूच फाड. हिरवी साडी मी बरोबर आणतेय. काठ सोडवून खालून दोन इंच आत घेऊन शिवलाय, आता घासणार नाही. ती नेसून बस.

आणि पाठीला टेकायला आधार असलेली खुर्ची घे. दाराच्या समोर ठेव, पण अकरा पावलांच्या आत. त्यापुढं ती अजून पडते.

आत्याबाई